नवमीचा घाणा

हेमांगीने चमचाभर काळी पूड चिनीमातीच्या छोट्या नावेत ओतली, नाव टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर धरले. आधी तळवे, मग पालथे. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या होत्याच.

“एवढं काही नको गं,” मोबाइलचा स्टँड सरळ करत मानस म्हणाला. “नुसतं रेकॉर्डिंग आहे.”

“असू दे यार. उद्या कोणी म्हणायला नको, कबूतर लपवलं होतं.”

मानस हसला नाही. रेकॉर्डिंग चालू आहे ना ते त्याने परत एकदा बघितलं आणि नजर तिच्या बोटांवर ठेवली. हेमांगीने नाव उष्णता सोसणाऱ्या काचेच्या लांब नळीत सरकवली, नळी भट्टीत बसवली, आर्गॉन वायूचा नळ सोडला आणि भट्टीचं बटण दाबलं. प्रत्येक गोष्ट करण्याआधी ती जराशी थांबत होती. हार घालणाऱ्या नवरीला फोटोवाल्याने थांबवावं, तशी.

हा नियम नवा होता. हेमांगी जे काही बनवेल त्याचं चित्रीकरण व्हावं आणि त्या वेळी शेजारी दुसरं माणूस असावं, असा मेल मुख्य कार्यालयातून आला होता. प्रयोगशाळेचे प्रमुख हरीश सर; त्यांनी तो पुढे पाठवला. पाठवताना वर स्वतःचा एक शब्दही लिहिला नाही. तिने तो मेल बराच वेळ उघडा ठेवला होता. एखादं वाक्य खाली कुठे राहिलं असेल म्हणून शेवटपर्यंत सरकवूनही बघितला होता.

गुरुग्रामच्या उद्योग विहारातली ती प्रयोगशाळा बाहेरून विमा कंपनीसारखी दिसे. आत मात्र अणूंना बसवण्याचं काम चाले. धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, विजेच्या मदतीने त्यातला एक ऑक्सिजन काढून घ्यायचा आणि उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडपासून पुढे इंधन करायचं, असा बेत होता. हे काम निकेलचा अणू उत्तम करतो, पण एकटा असेल तरच. कार्बनच्या पातळ चादरीवर नायट्रोजनचे पाट मांडलेले असतात. एका पाटावर निकेलचा एकच अणू बसायला हवा. पण भट्टी तापली की पाहुणे उठतात, ओळखीचे ओळखीच्यांकडे सरकतात आणि कोपऱ्यात घोळका करून गप्पा मारत बसतात. घोळक्यातलं निकेल सांगितलेलं काम करत नाही. ते पाण्यातून हायड्रोजन काढत राहतं, जो त्या दिवशी कोणी मागितलेला नसतो.

पाट कुठे आणि कसे मांडायचे, ते पुण्याहून आलेला मानस संगणकावर ठरवी. त्याच्या पडद्यावर पंगत इतकी देखणी बसे की वाढप्यांनीही हातातलं ठेवून बघत राहावं. प्रत्यक्षात रांधायचं काम हेमांगीचं. तिचे आजोबा नोकरीसाठी दिल्लीत आले ते इथलेच झाले. तिचं मराठी घरात शिकलेलं, त्यामुळे त्यात स्वयंपाकघर फार. भट्टीतून एका वेळी जे निघेल त्याला ती आईसारखं ‘घाणा’ म्हणे. पुण्यामुंबईची मंडळी आधी हसली आणि मग स्वतःही तेच म्हणू लागली. स्टोअरमधले अरोराजीसुद्धा विचारायचे, “मॅडम, आज का घाना कैसा रहा?”

ऑक्टोबरमधला एक घाणा जमला. असा जमला, की वायू तपासणारं यंत्र बिघडलं समजून मानसने ते बंद करून पुन्हा चालू केलं. जवळजवळ सगळा कार्बन मोनॉक्साइड; हायड्रोजन औषधालाही नाही. बातमी वर गेली. बातमी खाली उतरताना आटते आणि वर चढताना फुगते. वरच्या मजल्यावर तिचा शोध झाला, त्याच्या वरच्या मजल्यावर क्रांती झाली, आणि मुख्य कार्यालयात पोचेपर्यंत गुरुग्रामची हवा टँकरमध्ये भरून पंपावर विकायची तेवढी बाकी राहिली होती. कोणीतरी भाषणात तसं बोलूनही गेलं.

त्यानंतर तो घाणा पुन्हा निघाला नाही. तीच पूड, तेवढाच आर्गॉन, तेच तापमान; निघे तो हायड्रोजन. जमलेल्या घाण्याची सगळी पूड तपासण्यातच संपली होती, त्यामुळे दाखवायला हातात काही उरलं नव्हतं. उरले होते आकडे. आणि सिलिंडरमधला चिमूटभर कार्बन मोनॉक्साइड यंत्रात सोडला की आकडे हवे तसे येतात, हे त्या मजल्यावर प्रत्येकाला माहीत होतं. तसं कोणी बोललं नाही. फक्त सिलिंडरच्या खोलीला कुलूप लागलं, आणि किल्ली हेमांगीकडे नव्हती.

“पुढच्या आठवड्यात समिती येतेय,” हरीश सर म्हणाले. त्यांच्या केबिनमध्ये हेमांगी आणि मानस समोर उभे होते. बसा असं त्यांनी म्हटलं नव्हतं. “त्यांच्यासमोर जमलं नाही, तर आपण निष्कर्ष मागे घेतो. मागे घेताना कारण लिहावं लागतं.”

“काय लिहिणार, सर?”

“पडताळणी करता आली नाही.”

ही चार शब्दांची भाषा या धंद्यात सगळ्यांना वाचता येते. त्या घाण्यावरच्या शोधनिबंधावर पहिलं नाव हेमांगीचं होतं.

“त्या दिवशी काय काय केलंस ते परत सांग.”

हेमांगीने परत सांगितलं. पूड किती, वायू किती, भट्टी किती अंशांवर. मग जरा थांबून म्हणाली, “आणि पूजा केली.”

“कसली?”

“खंडेनवमी होती ना, सर. घरी बाबा स्कूटरची करायचे, आई शिलाई मशीनची. मला वाटलं, माझं हत्यार भट्टी. म्हणून झेंडूचा हार आणला, हळदकुंकू लावलं.”

हरीश सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते मूळचे पुण्याचे, आणि देवाच्या बाबतीत काटेकोर. म्हणजे त्याच्याशी काटेकोरपणे संबंध न ठेवणारे. दर जानेवारीत ते सगळ्यांना पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला घेऊन जात. बाकीचे हार घालत, फोटो काढत. हे बाजूला उभे राहून जमिनीवर काठीने रेघा ओढत आणि सैन्याचा दाणागोटा नेमका कुठे तुटला ते समजावत.

“हे समितीला सांगू नकोस,” ते म्हणाले आणि चष्मा परत चढवला.

मानसने मात्र ते मनावर घेतलं. त्याचं म्हणणं, श्रद्धा बाजूला ठेवा, पण हळदकुंकू ही रसायनंच आहेत. बोटाला लागलं असेल, नळीत गेलं असेल. झेंडूच्या पाकळीतही काय काय असतं. त्याने चार दशांशांपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर कुंकू मोजलं. एका नावेत हळद, एकीत कुंकू, एकीत पाकळ्या, आणि एक नुसतीच, तुलनेसाठी. नारळाचं पाणी घ्यावं का, यावर दोघांचं थोडं बोलणं झालं.

“नारळ फोडला नव्हता,” हेमांगी म्हणाली. “सिक्युरिटीवाला नको म्हणाला.”

चारही घाण्यांतून हायड्रोजन निघाला. हळदीचा घाणा तेवढा वेगळा. त्याच्या वासाने मजल्यावरच्या सगळ्यांना अवेळी भूक लागली आणि तो वास हरीश सरांच्या केबिनपर्यंत गेला. ते दारात येऊन उभे राहिले.

“काय जळतंय?”

“हळद, सर,” मानस म्हणाला.

“ही प्रयोगशाळा आहे. देवघर नाही. फेका ते सगळं.”

मानसने सगळं फेकलं. हेमांगी भट्टीकडे तोंड करून उभी राहिली. हरीश सर तिला काहीच बोलले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं तिला वाटलं.

घरी नोएडाला पोचायला मेट्रो बदलावी लागे. दार उघडताच आईने, कुमुदिनीबाईंनी, तिच्या खांद्यावरची बॅग घेतली.

“आज झालं का?”

“नाही.”

“जाऊ दे. नोकरी काय, दुसरी मिळेल. तुझ्या शिक्षणाला कुठेही—”

“नोकरीचं नाही गं आई. एकदा ते लिहिलं ना, की मग कुठल्याही लॅबमध्ये माझं नाव आलं की लोक एकमेकांकडे बघणार. बस. एवढंच करतात लोक. बघतात.”

कुमुदिनीबाई ताटं मांडायला वळल्या. वाटीत आमटी घालता घालता, पाठ तशीच ठेवून त्यांनी विचारलं, “तू तसं काही केलं नाहीस ना, हेमा?”

हेमांगीने हात धुतले. पुन्हा धुतले. मग जेवायला बसली.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी दिल्लीची हवा अशी होती की समोरची इमारत आहे, हे आठवणीवर समजून चालावं लागे. हेमांगीने सकाळी शेवटचा घाणा लावला, हात कॅमेऱ्याला दाखवले आणि स्टुलावर बसली. भट्टी चढत गेली. निम्म्याच्या थोडी वर पोचली असेल, तोच दिवे गेले. भट्टीचा लाल आकडा विझला. संगणकांचे पंखे एकेक करून गप्प झाले, आणि इतकं शांत झालं की आर्गॉनचे बुडबुडे ऐकू येऊ लागले. सिलिंडरला विजेशी देणंघेणं नसतं.

“जनरेटर येईल आत्ता,” ती म्हणाली.

“नाही येणार.” मानस खिडकीशी होता. “धुरामुळे डिझेलवर बंदी आहे कालपासून. स्वच्छ ऊर्जेची लॅब आहे ना आपली. घ्या आता स्वच्छ.” त्याने टेबलावर बुक्की मारली. “यार, अर्ध्यावर! सँपलचं काय होणार?”

हरीश सर अंधारातून आले. मोबाइलचा प्रकाश त्यांनी भट्टीवर धरला, मग हेमांगीवर, आणि चुकून झाल्यासारखा पटकन खाली घेतला.

“वीज आली की परत लावा. पहिल्यापासून.”

“सर, बिघडला असेल तो,” हेमांगी म्हणाली.

“मग बिघडलेलाच लावा. दुसरा बनवायला वेळ कुठाय?”

वीज दुपार उलटल्यावर आली. तोवर भट्टी पार निवली होती. तिने तोच कार्यक्रम पहिल्यापासून लावला. मानसने सवयीने कॅमेरा चालू केला. तिने सवयीने हात दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायू तपासणाऱ्या यंत्राने पहिली रेघ काढली. कागदावर कार्बन मोनॉक्साइडचं उंच शिखर उभं होतं. हायड्रोजनच्या जागी नुसती जमीन. मानसने यंत्र बंद केलं. परत चालू केलं. शिखर तिथेच होतं.

“काय वेगळं केलं आपण?” मानस कुजबुजला. “काहीच नाही. कॅमेऱ्यात आहे सगळं. फक्त वीज गेली.”

हेमांगी शिखराकडे बघत होती.

“त्या दिवशी पण भट्टी बंद होती,” ती म्हणाली.

“कुठल्या दिवशी?”

“नवमीला.”

“वीज गेली होती?”

“नाही. मी बंद केली होती. टायमरवर लावून गेले होते आदल्या दिवशी. सकाळी फुलं घेऊन आले तर अर्ध्यावर चढली होती. मग बंद केली. नवमीला हत्याराला कुठे राबवतात? बाबा तर त्या दिवशी ऑफिसला बसने जायचे. मग दसऱ्याची सुट्टी. आल्यावर परत लावली, पहिल्यापासून, तोच प्रोग्रॅम.”

मानस तिच्याकडे बघत राहिला. “इतके दिवस आम्ही तुला विचारतोय, हेमांगी. काय काय केलंस, काय काय केलंस.”

“तुम्ही विचारलं, काय केलंस. हे कुठे केलं मी? हे तर न करणं झालं.”

मानस खुर्ची ओढून संगणकापुढे बसला आणि समिती येईपर्यंत उठला नाही. त्याच्या हिशेबाप्रमाणे असं झालं होतं: सरळ नऊशे अंशांना गेलं की पाहुण्यांना पाट सापडायच्या आधीच ते घोळका करतात. पण अर्ध्यावर आच थांबली, सगळं निवलं, की जो जिथे असेल तिथे नायट्रोजन त्याला धरून बसवतो. दुसऱ्यांदा आच लागते तेव्हा सगळे आपापल्या पाटावर असतात, आणि मग उठवूनही उठत नाहीत. हे त्याच्या पडद्यावर आधी कधी दिसलं नव्हतं, कारण भट्टी मध्येच बंद करून बघावी, असं संगणकाला कोणी सांगितलंच नव्हतं.

समितीत दोघं होते. एक प्राध्यापक बाई आणि मुख्य कार्यालयातले एक गृहस्थ. त्यांनी जमलेला घाणा तपासला. मग सिलिंडरच्या खोलीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून, हेमांगीला पुन्हा करायला लावलं. विसावा देऊन एक, विसाव्याशिवाय एक. ते मुक्काम वाढवून राहिले. विसाव्याचा जमला, बिनविसाव्याचा नाही.

“लेकिन पहली बार,” बाईंनी विचारलं, “आपने भट्टी बीच में बंद क्यों की थी?”

हेमांगीने हरीश सरांकडे बघितलं. मानसने छताकडे.

“उस दिन मशीन की छुट्टी थी,” हरीश सर चेहऱ्याची रेघही न हलवता म्हणाले. “हमारे यहाँ साल में एक बार होती है।”

“अच्छा,” बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. “गुड प्रॅक्टिस.”

समिती गेली. निबंध मागे घ्यायचा प्रश्न उरला नाही, उलट दुसऱ्या भट्टीला मंजुरी मिळाली. कुलूपही एक दिवस आपोआप नाहीसं झालं. माफी कोणी मागितली नाही, कारण आरोपही कोणी केला नव्हता. एकटा मानस एकदा चहा घेऊन तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

“हेमांगी, मी ना... म्हणजे मला कधीच...”

“शूटिंग छान केलंस हं,” ती म्हणाली. “पुण्याला परत गेलास तर लग्नाच्या ऑर्डरी घे.”

तो चहा ठेवून गेला. तिने तो प्यायला.

नवी भट्टी आली तेव्हा जुनी भिंतीपासून ओढून बाजूला घ्यावी लागली. हेमांगी फडकं घेऊन मागची धूळ पुसायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. भट्टीच्या पाठीवर, भिंतीकडच्या, कोणाला दिसणार नाही अशा जागी, कुंकू होतं. तिने नवमीला लावलेलं तर समोर होतं, तेही एकच बोट. हे एक बोट नव्हे. बरेच ठिपके, एकावर एक, अंगठ्याने लावल्यासारखे बेढब. वरचे लाल होते. खालचे भाजून तपकिरी, काही तर काळे पडले होते. भट्टीच्या पाठीला इतका रंग चढायला पुष्कळ घाणे जावे लागतात. सगळ्यात खालचा ठिपका मुख्य कार्यालयाचा तो मेल येण्याच्याही आधीचा असणार.

“मानस, हे तू केलंस?”

मानस येऊन वाकला. “छे! मी गणपतीला मोदक बोललोय, ते खरं. पण भट्टीला हात नाही लावला.” त्याने नखाने एक ठिपका खरवडला. “कोणी केलं हे? सकाळी आपल्या आधी कोण येतं इथे?”

त्यांच्या आधी त्या मजल्यावर एकच माणूस येई. पार्किंगमध्ये त्याची गाडी नेहमी पहिली असे. हेमांगीने फडक्याने बाकीची धूळ पुसली, ठिपक्यांच्या कडेकडेने, आणि भट्टी परत भिंतीकडे ढकलायला मानसला हात लावायला सांगितला.

मग ती केबिनपाशी गेली. दार उघडंच होतं. हरीश सर पडद्यावर काहीतरी वाचत होते.

“सर.”

“हं.”

“आधी हळद लावतात. मग कुंकू.”

हरीश सरांचा हात माउसवर थांबला. त्यांनी वर बघितलं नाही. बाहेर अरोराजी कोणाला तरी नव्या भट्टीच्या पावतीवर सही मागत होते, त्यांचा आवाज जवळ आला आणि पुढे निघून गेला.

“हळद कँटीनमधून मागावी लागली असती,” हरीश सर म्हणाले. “कशाला हवी, म्हणून विचारलं असतं त्यांनी.”

ती तशीच उभी राहिली.

“बस ना,” ते म्हणाले.